साई नावाची चार मशीनं

कॉलेजात चार कॉम्प्युटर एकाच टेम्पोतून आले आणि एकाच गुरुवारी चौघांची पूजा झाली. घोटाळा खरं तर तिथंच झाला होता. पण पूजेच्या दिवशी घोटाळा बघायला डोळे कुणाला असतात?

राहात्याच्या पुढं, कालव्याच्या कडेला एका शिक्षण संस्थेचं हे कृषी कॉलेज. शिर्डी इतकी जवळ, की गुरुवारी दुपारनंतर निम्मा स्टाफ जागेवर सापडायचा नाही, आणि गेला कुठं म्हणून कुणी विचारायचंही नाही. तर त्या गुरुवारी मॉनिटरना झेंडूचे हार पडले, हळदकुंकू लागलं, नारळाचं पाणी कीबोर्डवर उडता उडता राहिलं. मशीनं बसवायला नगरहून संदीप नावाचा इंजिनिअर आला होता. पोरगेला, घाईचा. त्यानं एकेका विभागात जाऊन विचारलं, “सर, मशीनला एक नाव द्यावं लागतं. काय देऊ?”

उद्यानविद्या विभागात वर्पे सर म्हणाले, “साई दे.” मृदाशास्त्रात म्हणाले, साई. पशुसंवर्धनात म्हणाले, विचारतोस काय, साई. ग्रंथालयातही तेच. संदीपला संध्याकाळची नगरची गाडी गाठायची होती. त्यानं चारी ठिकाणी इंग्रजीतली तीच तीन अक्षरं दाबली, पेढा तोंडात टाकला आणि गेला. चार इमारतींत चार मशीनं, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. बिघडायचं काय होतं त्यात?

बिघडलं ते वायर आल्यावर. अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात ग्रंथालयाच्या काचेच्या खोलीत एक मोठं मशीन बसलं आणि तिथून चारी विभागांना काळी वायर गेली. आता ज्यानं त्यानं आपल्या टेबलावरून त्या मोठ्या मशीनमध्ये आपली कामं ठेवायची आणि दुसऱ्यानं आपल्या टेबलावरून ती उघडून बघायची, अशी सोय झाली. पडद्यावर त्या जागेचं नाव दिसायचं ‘एफ ड्राइव्ह’. वर्पे सर त्याला सामाईक कपाट म्हणायचे, आणि मग सगळं कॅम्पसच तसं म्हणायला लागलं. ज्या मशीनचं जे नाव, त्या नावाचा एक खण त्या कपाटात आपोआप तयार व्हायचा.

पहिल्याच दिवशी मृदाशास्त्राचं मशीन वायरीला लागलं आणि झकास चाललं. मागोमाग उद्यानविद्येचं लागलं, तर पडद्यावर इंग्रजीत पाटी आली: हे नाव वायरीवर आधीच वापरात आहे, दुसरं नाव द्या. पशुसंवर्धनात तीच पाटी, ग्रंथालयात तीच. जो आधी मशीन चालू करेल तो आत, बाकीचे तिघं दाराबाहेर.

वर्पे सरांनी नगरला फोन लावला. संदीप म्हणाला, “सर, दोन मिनिटांचं काम आहे. नाव बदला.”

“तुझं नाव बदलू का?” सर म्हणाले आणि फोन ठेवला.

गोरक्षनाथ वर्पे उद्यानविद्येचे विभागप्रमुख. कांद्यातला मोठा माणूस. शेतकरी बांधावर बोलावून सल्ला घ्यायचे, आणि सर पायजम्याला चिखल लागला तरी जायचे. रागीट नव्हते, हटवादी होते. फोन ठेवून ते मागं वळले आणि टेबलाशी उभ्या असलेल्या बाईंना म्हणाले, “नाव बदलायचं नाही. एकदा ठेवलं ते ठेवलं. नाव काय असं कुणाच्या सोयीसाठी बदलतात होय? काय गं आशा?”

“हो सर,” आशा म्हणाली.

आता ह्या आशाचं नाव आशा नव्हतं. तिचं नाव एस्तेर. एस्तेर सॅमसन भांबळ. राहात्यात मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या भांबळ गुरुजींची थोरली. एमएस्सी होऊन ह्या विभागात संशोधन सहायक म्हणून रुजू झाली, तेव्हा वर्पे सरांनी नाव विचारलं होतं. तिनं सांगितलं. सरांनी एकदा म्हणून बघितलं, दुसऱ्यांदा म्हणून बघितलं, आणि हसून म्हणाले, “अवघड आहे बुवा. जाऊ दे, आपण आशा म्हणू.” मायेनंच म्हणाले. त्या दिवसापासून शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांची ती आशा. मस्टरवर ‘ई. एस. भांबळ’, सरांबरोबर छापलेल्या लेखांवर ‘ई. एस. भांबळ’, आणि तो ‘ई’ कशाचा असं कुणी कधी विचारलं नाही. पहिल्या वर्षी तिला लागायचं. मग सवय झाली. हाक आली की ती वळायची, आणखी काय करणार?

तर चारी विभागप्रमुख चहाला बसले. तोडगा काय, तर सोपा. एकजण म्हणाला, साई-एक, साई-दोन, साई-तीन, साई-चार करू. ऐकायला बरं वाटलं. पण मग एक कोण? मृदाशास्त्र म्हणालं, आम्ही आधी लागलो. पशुसंवर्धन म्हणालं, आमचा विभाग सगळ्यांत जुना. ग्रंथालय म्हणालं, मोठं मशीनच आमच्या घरात आहे. वर्पे सरांनी बशी खाली ठेवली. “आणि मी म्हणतो, बाबा काय चार आहेत? त्यांना नंबर घालणारे आपण कोण?” चहा संपला, सगळे आपापल्या इमारतीत गेले आणि नाव होतं तिथंच राहिलं.

मग सुरू झाली पळापळ. दहाचं ऑफिस, पण उद्यानविद्येचा शिपाई छगन नऊलाच येऊन मशीन चालू करायला लागला. ते बघून पशुसंवर्धनाचा शिपाई साडेआठला यायला लागला. मृदाशास्त्रानं मशीन बंद करणंच सोडून दिलं. पण लाईट कुणाच्या बापाची नव्हती. ती जायची, दिवसातून दोनदा-तीनदा जायची, आणि आली की सगळ्यांची पाटी कोरी. लाईट आली रे आली की चारी इमारतींतून धावण्याचा आवाज यायचा. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम होता, त्यामुळं चप्पलवाले पुढं जायचे आणि ग्रंथालयाचा शिपाई बुटाच्या नाड्या सोडत मागं राहायचा. बिचाऱ्याला महिन्यातून एखाद्याच वेळी कपाट उघडता यायचं. पंचवीस-तीस वर्षं नोकरी केलेली माणसं, पण लाईट आली की शाळा सुटल्यागत पळायची.

“आवं आशाबाई,” छगन धापा टाकत म्हणायचा, “ह्ये मशीन हाय का शर्यतीचा बैल हाय?”

आणि पळून आत शिरलं तरी सुख नव्हतं. चौघांचं नाव एक म्हणजे कपाटात खणही एकच. श्रावणात एस्तेरनं कांद्याची तीन महिन्यांची वजनं त्या खणात ठेवली, तर पशुसंवर्धनाच्या माणसानं “हे कुणाचं काय पडलंय” म्हणून पुसून टाकली. नशीब, तिच्याकडं दुसरी प्रत होती. वर्पे सर पशुसंवर्धनात जाऊन भांडून आले, आणि येऊन म्हणाले, “आता मध्ये मध्ये काही ठेवायचं नाही. मीटिंगच्या आदल्या दिवशी सगळं एकदम ठेवायचं.”

ह्या मीटिंगवर एस्तेरची नोकरी टांगलेली होती.

तिची नोकरी कायम नव्हती, योजनेतली होती. योजना कांद्याची. उन्हाळी लाल कांद्याची एक निवड तिनं हाताखाली धरून वाढवली होती. हा कांदा चाळीत भरला की दिवाळीपर्यंत ना सडायचा, ना त्याला कोंब यायचा. निदान तिचं म्हणणं तसं होतं, आणि ते खरं ठरवायला शेवटचं वजन दिवाळीनंतर करायचं होतं. योजनेची मुदत मार्चला संपत होती. संस्थेचे संशोधन संचालक दिवाळीनंतरच्या शुक्रवारी नगरहून येणार, कमिटी बसणार, आणि कुठली योजना पुढं चालवायची, कुठली बंद करायची ते तिथंच ठरणार. ह्या वर्षी संचालकांनी हुकूम काढला होता: मी फक्त सामाईक कपाटातलं बघेन. कागदाचे गठ्ठे आणू नका. फ्लॉपीतून व्हायरस येतो, फ्लॉपीही नको. कपाटात जे नसेल ते झालंच नाही असं धरलं जाईल.

म्हणजे गुरुवार संध्याकाळपर्यंत कांदा कपाटात गेला नाही, तर मार्चनंतर एस्तेर घरी आणि चाळीतला कांदा बाजारात. निवडीचं बी जपायला पुन्हा कोण बसतंय?

गुरुवारी सकाळी तिनं आणि छगननं चाळीतला कांदा उपसून शेवटचं वजन केलं. कांदा चांगला राहिला होता. तिनं धरलं होतं त्याहून चांगला. हातातला एक कांदा तिनं उलटा करून बघितला, मुळाकडून, शेंड्याकडून, आणि तिला खूप बरं वाटलं. दुपारपर्यंत तिनं सगळे आकडे मशीनमध्ये भरले. वर्पे सर शिर्डीला निघाले होते, स्कूटर पुसत होते.

“सर, कपाटात आज मृदावाले आहेत,” ती म्हणाली. “सकाळपासून. आपल्याला आत जाता येत नाही.”

“लाईट जाईल की. गेली की छगनला पळव.”

“आणि नाही गेली तर?”

“जाईल गं. आपली लाईट आहे ती, न जाऊन सांगते कुणाला?” सरांनी किक मारली. “मी तिकडं बाबांना सांगतो. तू काळजी करू नकोस. फक्त नावाला हात लावायचा नाही.”

आणि बघा, रोज छळणारी लाईट त्या दिवशी गेली नाही. दोन वाजले, तीन वाजले, पंखा आपला गरगरतोय. छगन दारात चपला काढून तयारीत उभा. साडेतीनला एस्तेर उठली आणि मृदाशास्त्रात गेली.

तिथं मशीनवर जयमाला होती. एस्तेरच्याच वयाची, डब्याला रोज एकत्र बसणारी. एस्तेर म्हणाली, “जयमाला, दहा मिनिटं मशीन बंद कर गं. माझं ठेवते आणि लगेच तुला मोकळं करते.”

“नाही गं बाई,” जयमालानं कानावर हात ठेवले. “आमचं अजून जायचंय. आणि साहेबांनी बजावलंय, बंद करायचं नाही. बंद केलं आणि पशुवाले घुसले तर?”

“मग माझं इथूनच घाल. फ्लॉपी आणते.”

“फ्लॉपी तर आणूच नकोस. माझी नोकरी घालवतेस का?” जयमाला खरंच घाबरली होती. मग तिनं आवाज खाली आणला आणि समजुतीनं, मैत्रिणीला सांगावं तसं सांगितलं, “तू असं कर ना. तुमच्या मशीनचं नाव बदलून टाक. आम्ही कुणी केलं तर मनाला लागेल बाई. तुला काय? तुझं कुठं बाबांचं एवढं आहे?”

एस्तेर वळून निघाली. परत येताना व्हरांड्यात तिचे कान तापले होते. जयमाला वाईट नव्हती, हेच तर वाईट होतं. आईनं डोक्याला पट्टी बांधावी तितक्या सहज साईबाबांची उदी भांबळांच्याही घरात तिच्या लहानपणी येऊन गेली होती. शेजारणीनं दिलेली, तापात लावलेली. त्याचं कुणाला काय सांगायचं? जे काम चारी विभागांतल्या देवभोळ्यांना जड होतं, ते हिनं केलं तर चालतं, कारण हिला पाप लागत नाही. आणि उद्या गाजावाजा झाला की हेच सगळे म्हणणार, बघा, तिनंच काढलं. तिला चांगलाच राग आला. इतक्या वर्षांत ऑफिसात तिला असा राग आला नव्हता.

ती मशीनपुढं बसली. पाटी समोर होतीच: दुसरं नाव द्या. तिनं नावाची चौकट उघडली. तीन अक्षरं. ती पुसायला तिला बराच वेळ लागला, एवढं सांगायला हवं. पुसताना तिनं मनात ‘क्षमा करा’ म्हटलं, आणि ते कुणाला म्हटलं ते तिनं बघितलं नाही.

आता चौकट रिकामी. घालायचं काय?

पहिल्यांदा तिनं इंग्रजीत ‘कांदा’ लिहिलं. मग तिला उद्याचं बोलणं ऐकू आलं: बाबांना काढून कांदा बसवला. पुसलं. ‘गोरख’ लिहिलं, सरांचं. पण सरांना न विचारता सरांचं नाव? आणि मग रोज संध्याकाळी “गोरखला बंद कर” असं छगनला सांगायचं? पुसलं. गणपती, खंडोबा, दत्त, कुठलंही देवाचं नाव दिलं तर महिन्याभरात दुसऱ्या कुणाला तरी तेच सुचणार, की पुन्हा पळापळ. अख्ख्या कॅम्पसात कुणाचंच नसेल असं नाव पाहिजे होतं. कुणाला सुचणार नाही, कुणी मागणार नाही, कुणी घ्यायला धावणार नाही असं.

तसं नाव तिच्याजवळ होतं. तिला हसू आलं, जरा कडूच. सहा अक्षरं तिनं सावकाश दाबली. ई, एस, टी, एच, ई, आर.

मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. पाटी आली नाही. एफ ड्राइव्ह उघडला, आणि कपाटात ‘साई’ खणाच्या वर एक नवा खण दिसला. रिकामा, स्वच्छ. तिनं कांद्याचं सगळं त्यात ठेवलं. मोठ्या मशीननं ते विनातक्रार घेतलं. पाच वर्षांचं काम चहा थंड व्हायच्या आत कपाटात गेलं.

“लाईट जायची वाट बघायची न्हाई का मंग?” छगननं दारातून विचारलं.

“नाही. गेलं आत.”

“आरं वा! बाबा पावले म्हना की.”

पुन्हा ‘साई’ करून ठेवावं म्हणून तिनं चौकट उघडली, आणि नेमकी तेव्हा लाईट गेली. चारी इमारतींत एकदम आरडाओरडा झाला. एस्तेर अंधारल्या पडद्याकडं बघत बसली. मग तिच्या लक्षात आलं की मशीनचं नाव परत बदललं तरी कपाटातला खण काही बदलणार नाही. उद्या तो सगळ्यांसमोर उघडायचा होता. पर्स घेऊन ती उठली आणि लुनाला पायडल मारलं.

घरी भांबळ गुरुजी अंगणात पेपर वाचत होते. “एस्तू, झालं का गं तुझं?” त्यांनी विचारलं.

“झालं, पप्पा. पण उद्या बोलणी बसतील.” तिनं सगळं सांगितलं.

गुरुजींनी चष्मा काढला. ऑफिसात तिला आशा म्हणतात हे त्यांना माहीत होतं. एकदा घरी फोन आला होता, ‘आशा आहे का’ म्हणून, आणि त्यांनी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवला होता. खरं काय ते नंतर कळलं होतं. आत्ता ते एवढंच म्हणाले, “तुझ्या आजीचं नाव आहे ते. चांगलं नाव आहे.” आणि चष्मा लावून पुन्हा पेपरात शिरले.

शुक्रवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये मोठा मॉनिटर मांडला होता. संचालक साहेब समोर बसले, चारी विभागप्रमुख अर्धगोलात, त्यांच्यामागं हाताखालची माणसं. एस्तेर भिंतीशी होती, शेजारी जयमाला. वर्पे सर कपाळाला उदी लावून आले होते. येतानाच त्यांनी तिला विचारलं होतं, “गेलं का सगळं?” आणि ती “गेलं सर” म्हणाली होती. पुढचं सांगणार, तोवर साहेबांची गाडी फाटकात शिरली आणि सर पळाले.

मृदाशास्त्राचं झालं. साहेब म्हणाले, “हं, वर्पे. उद्यानविद्या. कुठला खण?”

“साई, साहेब.”

“साईमध्ये आत्ताच होतो ना मी?” साहेबांनी पुन्हा उघडून बघितलं. “ह्यात मातीचे नमुने आहेत, म्हशींची लसटोचणी आहे, ग्रंथालयाला हव्या असलेल्या पंख्यांची मागणी आहे. कांदा कुठंय?”

वर्पे सर खुर्चीतून अर्धे उठले. त्यांनी पडद्यावर वरखाली बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “काल ठेवलं होतं, साहेब. हे पशुवाल्यांनी पुन्हा—”

“आम्ही हात लावलेला नाही,” पशुसंवर्धनाचे प्रमुख कडाडले.

“भांडू नका. दुसरा एक खण आहे इथं.” साहेब चष्म्यातून वाचायला लागले. “ई, एस, टी... एस्तेर. हे एस्तेर कोण? तुमच्यापैकी कुणाचं?”

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं.

“आमचं नाही, साहेब,” वर्पे सर म्हणाले. अगदी खात्रीनं म्हणाले. “आमच्याकडं ह्या नावाचं कुणीच नाही.”

एस्तेरनं ते ऐकलं. हे वाक्य असं, इतक्या सरळ, इतक्या निर्मळ मनानं कधी कानावर येईल असं तिला वाटलं नव्हतं. बसून राहिलं तर बाबांच्या नावाचं बालंट टळत होतं. कुणाला कधी कळलं नसतं. मार्चमध्ये योजना बंद झाली असती, सगळ्यांनी आशाला निरोप दिला असता, नारळ आणि शाल. साहेबांचा हात माऊसवर होता. “मग पुढं चला,” ते म्हणत होते.

ती उठली. खुर्ची सरकल्याचा आवाज तिला फार मोठा वाटला.

“तो खण आमचा आहे, साहेब. कांदा त्यात आहे.”

“आणि एस्तेर?”

“मी. एस्तेर म्हणजे मी.”

जयमालानं मान खाली घातली. पशुसंवर्धनाचे प्रमुख वळून म्हणाले, “म्हणजे मशीनवरचं बाबांचं नाव काढून तुम्ही स्वतःचं लावलंत, आशाताई?”

“हो,” एस्तेर म्हणाली. “चार मशीनं आणि नाव एकच. आत शिरायला जागा नव्हती. इथं कुणाकडंच नसलेलं नाव पाहिजे होतं. माझ्याकडं होतं.”

साहेबांना ह्यातलं निम्मं कळलं नसावं, किंवा सगळं कळलं असावं. अशी माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. ते म्हणाले, “बरं. उघडा,” आणि खण उघडला गेला. महिन्यामहिन्याची वजनं, किती सडला, किती कोंबाळला, शेजारी नेहमीच्या वाणाचे आकडे. साहेब बराच वेळ वाचत होते. एकदा त्यांनी मागं वळून विचारलं, चाळ कुठल्या दिशेची आहे. एस्तेरनं सांगितलं. शेवटी ते लिहून घेणाऱ्याला म्हणाले, “ही चालू ठेवा,” आणि पशुसंवर्धनाकडं वळले.

मीटिंग सुटल्यावर वर्पे सर आणि ती बरोबरच विभागाकडं निघाली. सुबाभळीच्या झाडांखालून रस्ता होता. सर एरवी चालताना बोलायचे, हातवारे करायचे. आज दोन्ही हात मागं बांधलेले. ती मनात शब्द जुळवत होती. बाबांच्या नावाबद्दल विचारतील, रागावतील, ते कसं सांगायचं, माफी कितपत मागायची. विभागाची पायरी आली तरी सरांनी बाबांचं नाव काढलं नाही. चपला काढायला म्हणून ते थांबले आणि तसेच उभे राहिले.

“इतकी वर्षं,” ते म्हणाले. “इतकी वर्षं माझ्या शेजारी बसतेस. एकदा तरी सांगायचंस, बाई.”

“सांगितलं होतं, सर,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी.”

सरांनी खिशात हात घालून कागदाची एक पुडी काढली. कालचा प्रसाद. तिच्यासाठी आणला होता, कांद्यासाठी मागणं मागून. पुडी पुढं करत त्यांनी नेहमीसारखी हाक मारायला तोंड उघडलं. जुनं नाव ओठावर आलं ते त्यांनी गिळलं, आणि नवं काही येईना.

“घे,” ते म्हणाले.